खालचा खण

१

माझं काम पोकळ्यांचं आहे. एखादी नाजूक वस्तू पेटीत न हलता, न आपटता दूरवर जावी म्हणून तिच्या मापाची खाच फोममध्ये कापायची. दुर्बिणी, मोजमापाची यंत्रं, दंतवैद्यांची हत्यारं. कारखान्यात हे सगळं मशीन करतं, पण पहिला नमुना हातानं कापावा लागतो आणि तो मी घरी बसून कापते. या कामानं एक खोड लावली आहे. रिकामी खाच दिसली की तिच्यात काय बसेल ते मला आपोआप कळतं. लग्नातले पाहुणे अजून चेहऱ्यानं ओळखता येत नाहीत; खाचेवरून वस्तू मात्र लगेच.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मागची खोली आम्हा दोघांच्या कामासाठी मिळाली. खिडकीखाली एक जुनं, जड टेबल, त्याला वरचा, मधला आणि खालचा असे खण. तिन्हींवरही नवऱ्याचं राज्य होतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर इमारती पालथ्या घालायच्या आणि संध्याकाळी खिशातलं सगळं त्या खणांत ओतायचं, हा त्याचा रिवाज. जळके फ्यूज, तारांची वेटोळी, स्क्रू, तक्रारींचे कागद.

"हा खण आहे की उकिरडा?"

"मला सगळं सापडतं."

"मग टेस्टर दे बघू."

त्यानं दिला. बिस्किटाच्या पुड्यातून काढून दिला, पण दिला.

सासूबाई दारातून बघत होत्या. "मी सांगून सांगून थकले ग बाई. तुझा उत्साह ताजा आहे, तो जायच्या आत आवरून घे."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं जमिनीवर फतकल मारून बसलो. तो वस्तू निवडत होता, मी फोम कापत होते. टेस्टर, पक्कड, कात्री, पट्टी, शिक्के, प्रत्येकाला आपापली खाच. मी डावखुरी आहे, त्यामुळे वळणावर माझं पातं केसभर पुढे जातं आणि कोपऱ्यात एक बारीक चीर राहते. कारखान्यातले लोक तिला माझी सही म्हणतात. संध्याकाळपर्यंत वरचे दोन्ही खण लागले. नवरा लहान मुलासारखा टेस्टर काढत होता आणि परत ठेवत होता. प्रत्येक वेळी फोमनं तो अलगद गिळला की म्हणायचा, "वा!"

खालच्या खणात मी फोमचा एक कोरा तुकडा घालून ठेवला. काहीच न कापता. घरात नव्या वस्तू येत राहतात, त्यांना जागा हवी.

२

पहिली जास्तीची खाच वरच्या खणात दिसली. टेस्टरच्या शेजारी, अगदी नीटस. किल्लीची होती हे बघताक्षणी कळलं. डोकं जाडसर, पानासारखं, दांडा आखूड. आमच्या घरात अशी किल्ली नव्हती.

कोपऱ्यात माझी चीर होती.

मी स्वतःला समजावलं की हात चालू असताना डोकं भलतीकडे गेलं असेल. नव्या नवरीचं डोकं कुठे असतं, यावर लोक विनोद करतात, आणि ते काही अगदीच खोटे नसतात. मी त्या खाचेत खोडरबर टाकला. तो आत डगडग हलत राहिला.

त्याच आठवड्यात नवरा घरी आला तो पायऱ्यांवरूनच ओरडत. कंपनीनं त्याला कामासाठी मोटारसायकल दिली होती. आत येऊन त्यानं खण उघडला, खोडरबर काढून फेकला आणि किल्ली ठेवली. फोमनं ती गिळली.

"तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला. "मी मुद्दाम लपवून ठेवलं होतं!"

मी हसले. काय सांगणार होते? त्याला वाटलं, मी त्याच्या ऑफिसात कुणाला तरी फितवलं आहे. रात्रीच्या जेवणापर्यंत तो एकेका सहकाऱ्याचं नाव घेऊन माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

३

दुसरी खाच मला ओळखता आली नाही, म्हणून ती जास्त बोचली. मधल्या खणात, शिक्क्यांच्या मागे. अंगठ्याच्या नखाएवढी, एका बाजूनं गोलसर, आणि तिच्या दोन्ही अंगांना केसासारख्या बारीक वाकड्या खोबणी. एवढं बारीक काम मला स्वतःलाही भिंग लावल्याशिवाय जमत नाही. तरी वळणावर चीर होतीच.

मी दोन दिवस जाता-येता तो खण उघडून बघत होते. दागिना? यंत्राचा भाग? कधी नव्हे ते मी नवऱ्याला विचारलं, "लिफ्टमध्ये असं काही असतं का रे?" त्यानं चष्मा सावरत वाकून बघितलं. "असलं तर लिफ्ट चालणार नाही," म्हणाला.

मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. हाडं शाबूत राहिली, पण पुढचा एक दात गेला. दंतवैद्यानं काढता-घालता येणारा नवा दात करून दिला, दोन बाजूंना बारीक तारा असलेला. घरी आल्यावर त्यांनी तो हातात घेऊन दाखवला. मी मागच्या खोलीत गेले, मधला खण उघडला आणि त्यांना हाक मारली.

दात बसला. तारा खोबणीत गेल्या.

"अगबाई," सासूबाई फटीतून शीळ घातल्यासारख्या हसल्या. "माझ्या दाताला पण घर बांधलंस? किती ग हौशी!"

त्या पडण्याच्या आधी ती खाच तिथे होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, मग तू मला सावध का नाही केलंस? आणि तो प्रश्न त्यांच्याआधी मीच मला विचारून बसले होते.

४

खालचा खण मी दुपारी उघडला. घरात कुणी नव्हतं. सासूबाई शेजारी गेल्या होत्या, आणि शेजारच्या बाईचा मोठमोठ्यानं बोलण्याचा आवाज भिंतीतून येत होता. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. खण उघडताना अडला नाही. तो नेहमी अडायचा.

कोऱ्या फोममध्ये खाचा होत्या. सुट्या नव्हेत, मांडणी होती. वर चष्मा. त्याखाली डावीकडे मनगटी घड्याळ, पट्टा सरळ पसरलेला. उजवीकडे मोटारसायकलची किल्ली. मध्ये पाकीट. आणि पाकिटाच्या खाली एक अंगठी.

मला मांडणी ओळखायला वेळ लागला नाही, कारण ती माझीच होती. लग्नाआधी मी एका इस्पितळासाठी ट्रेचा नमुना कापला होता. अपघात झालेलं माणूस आत आणलं की त्याच्या अंगावरच्या वस्तू काढून त्या ट्रेमध्ये ठेवतात आणि नंतर घरच्यांच्या हातात देतात. चष्मा वर का, तर तो फुटतो. अंगठी सगळ्यात खाली का, तर ती शेवटी निघते. हे सगळं मला तिथल्या नर्सबाईंनी समजावून सांगितलं होतं, चहा पीत, अगदी घरगुती गप्पांसारखं.

मी जमिनीवर बसले आणि खाचा नीट बघितल्या. घड्याळ नवऱ्याचं होतं. पट्ट्याचं एक छिद्र त्यानं स्वतः पाडलं आहे, ते जिथे आहे तिथेच फोममध्ये एक टोक वर राहिलं होतं. चष्म्याला डावी काडी नव्हती. तिथे फोम कोराच होता, काडी मोडून कुठेतरी राहून गेल्यासारखा.

अंगठीची खाच पूर्ण गोल नव्हती. एका जागी तुटलेली होती आणि दोन्ही टोकं थोडी फाकलेली. बोट सुजलं की अंगठी उतरत नाही. मग ती कापून काढतात.

नवऱ्याची अंगठी लग्नात बोटात गेली ती पुन्हा निघालीच नव्हती. त्यावरून आम्ही किती हसलो होतो.

५

मी सांगून टाकलं. दोघांनाही, चहाच्या वेळी, एका दमात. एरवी मी एवढं बोलत नाही, म्हणून दोघंही कप हातात धरून ऐकत राहिले.

नवऱ्यानं खण बघितला. बोट खाचांवरून फिरवलं. "सही तर तुझीच आहे."

"मी नाही कापलं."

"झोपेत कापलं असशील. लोक झोपेत चालतात, तू पोकळ्या कापतेस. कामसू बायको मिळाली म्हणायची."

"आणि किल्ली? आणि आईंचा दात?"

त्यानं बोट खाचेतून काढून घेतलं. मग म्हणाला, "अगं, मी रोज लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो. माझ्या डोक्यावर दोन टनांचा डबा लोंबकळत असतो. मला काही व्हायचं असतं तर केव्हाच झालं असतं."

"असं अभद्र बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी माझा कटर माझ्याकडून मागून घेतला, पात्यांच्या पुडीसकट, आणि स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. किल्ली कमरेला खोचली. "आता बघू कोण कापतंय."

मी नवऱ्याला मोटारसायकल सोडायला सांगितली. तो कुरकुरला, माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला, आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच कंपनीत परत देऊन आला. बसनं आला. फोम मी कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकला, आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभी राहिले.

ते दोन-तीन दिवस चांगले गेले. असं म्हणायची पद्धत असते. खरं सांगायचं तर मी प्रत्येक बसच्या आवाजाला कान लावून होते.

६

खालचा खण मी उघडणार नव्हते. मागच्या खोलीत कामाचा कागद शोधायला गेले, तर तोच बोटभर उघडा होता.

आत फोम नव्हता. लाकडाचा तळ होता, आणि खाचा त्यात होत्या.

मी हात लावून बघितला. जुनं, कठीण लाकूड. त्यावर माझ्या कटरचं पातं टेकवलं तर पातं मोडेल. पण कडा अगदी साफ होत्या. कुठे ढलपी नाही, भुसा नाही. आणि प्रत्येक वळणावर ती केसभर चीर.

मला बरं वाटायला हवं होतं. मी झोपेत उठत नाही, मी वेडी नाही, हे त्या लाकडानं सिद्ध केलं होतं. पण मी वेडी असते तर त्यावर इलाज होता.

मग माझ्या लक्षात आलं की मांडणी बदलली आहे. चष्मा होता, एका काडीचा. घड्याळ होतं. पाकीट होतं. कापलेली अंगठी होती. किल्लीची खाच मात्र नव्हती. बाकीच्या वस्तू जराशा सरकून जवळ आल्या होत्या, जागा वाया जाऊ नये म्हणून. मीही तसंच केलं असतं.

आम्ही मोटारसायकल परत केली होती. खणानं ते ऐकलं होतं, आणि किल्ली वगळून बाकीचं कायम ठेवलं होतं.

७

त्यानंतर मला जे सुचलं ते फक्त माझ्याच धंद्यातल्या माणसाला सुचेल. रिकामी खाच वाट बघते. भरलेली खाच बघत नाही. कारखान्यात तपासनीस पेटी उघडतो, सगळ्या खाचा भरलेल्या दिसल्या की झाकण लावतो आणि पुढे जातो. त्या खणाला जे हवं आहे ते आपणच आणून दिलं, अगदी त्याच्या मापानं, तर त्याचं काम संपेल.

नवरा ऐकून पहिल्यांदाच चिडला. "चांगली अंगठी कापायची? लग्नातली?"

"हो."

"आणि चष्मा मोडायचा? माझ्याकडे एकच आहे."

"दुसरा करू."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

मी खण उघडा धरून बसले होते. मी रडत नव्हते. मला वाटतं, रडले असते तर त्यानं समजूत घालून विषय संपवला असता. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काप रे. सोनं पुन्हा जोडता येतं."

त्यानं अंगठीखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवली आणि स्वतःच्या कटिंग प्लायरनं ती तोडली. टोकं फाकवून काढली. बोटावर पांढरा वळ राहिला होता. तो वळ बघून त्यालाच कसंतरी झालं आणि त्यानं हात पाठीमागे नेला. चष्म्याची काडी मी मोडली. आधी खाच बघून घेतली, कुठली काडी ते चुकायला नको होतं.

मग मी एकेक वस्तू ठेवली. चष्मा. घड्याळ. पाकीट, आतल्या नोटा काढून घेतल्यावर. अंगठी. लाकडानं त्या फोमनं गिळाव्यात तशा गिळल्या, जराही आवाज न करता.

मी खण ढकलला. तो कधी नव्हे इतका सहज बंद झाला.

"झालं?" नवरा म्हणाला. "सुटलो?" आणि वळला तो थेट दाराच्या चौकटीवर आपटला. आम्ही दोघं हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. कपाळ चोळत तो म्हणाला, "कोण आहेस ग तू? जरा पुढे ये, दिसत नाहीस." मी पुढे गेले. त्यानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी नाकाजवळ आणला. "हां. तूच आहेस."

त्या दुपारी मी पोटभर जेवले. जेवणानंतर मला पेंग आली. नवरा शर्ट घालत होता.

"कुठे?"

"चष्म्याच्या दुकानात. नंबर सांगून येतो, उद्यापर्यंत करून देईल. पायी जातो. गाडी नाही, बस नाही. खूश?"

"खूश," मी म्हणाले.

८

सासूबाई वाळलेले कपडे घड्या घालत बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत पंख्याची करकर चालू होती.

"एकटाच गेला?" त्यांनी विचारलं.

"दुकान चौकाच्या पलीकडेच तर आहे."

"चष्म्याशिवाय त्याला ढिम्म दिसत नाही ग. लहानपणी बाजारात दुसऱ्याच बाईचा हात धरून चालायला लागला होता. ती बिचारी घाबरली, आणि हा म्हणतो कसा, आई, तू साडी कधी बदललीस?" त्या हसल्या, शर्टाची बाही सरळ केली, आणि बाही तशीच हातात धरून थांबल्या. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

इस्पितळात वस्तू काढून ठेवतात त्या माणूस आत आणल्यावर. मी क्रम उलटा केला होता, एवढंच. ट्रे मीच भरला होता. त्याच्या अंगावरून एकेक वस्तू मीच उतरवून घेतली होती.

मी मागच्या खोलीत धावले. चष्मा घेऊन त्याच्या मागे जायचं होतं. एका काडीचा असला तरी हातानं धरून रस्ता बघता आला असता. खण ओढला. चष्म्याची कड बोटांत धरली आणि उचलली.

तो निघेना.

नखं घातली, जोर लावला. लाकूड त्याला घट्ट बसलं असेल, हवेत ओल असेल, लाकूड फुगतं. एवढा सगळा विचार मी त्या क्षणीही केला. मग मला जाणवलं की ओढ लाकडाची नाही. ओढच नाही. मी सोडलं की तोही ढिला होत होता, मी उचललं की तेवढाच घट्ट. चष्मा खालून धरलेला होता. हिसकावून नव्हे, नुसता धरलेला, आपली वस्तू धरावी तसा.

मी वाकले. काचेच्या खाली, जिथे लाकडाचा तळ असायला हवा होता, तिथे फिकट पेरं दिसली. चष्म्याच्या कडेला टेकलेली. काचेवर ठसे उमटू नयेत म्हणून फक्त कडेनं, फार काळजीनं.

मी चष्मा सोडला आणि अनवाणी जिना उतरले.

गल्ली मोकळी होती. तिच्या टोकाला मोठा रस्ता, दोन्ही बाजूंनी धावणारा, दुपारचा, लख्ख उन्हाचा. एका दुकानाच्या ओट्याशी माणसं घोळका करून उभी होती आणि मी तिकडेच धावले. पण ती नुसती गप्पा मारत होती. मी त्यांच्यातून वाट काढून कडेला आले.

तो पलीकडे होता.

रस्ता ओलांडून गेला होता. सुखरूप. चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून, डोळे बारीक करून, दारावरची पाटी वाचायचा प्रयत्न करत होता. शर्टाची कॉलर एका बाजूनं आत गेली होती. तो पलीकडे पोचला होता आणि मला एवढा आनंद झाला, एवढा, की आयुष्यात कधी मारली नसेल अशी हाक मी मारली. सगळ्या रस्त्यानं वळून बघितलं.

त्यानंही बघितलं. चुकीच्या बाजूला आधी, मग आवाजाच्या दिशेनं. मी त्याला दिसत नव्हते, हे इथूनही कळत होतं. त्यानं हात कपाळावर आडवा धरला. मी दोन्ही हात हलवून थांब, थांब म्हणत होते. लांबून, धूसर, ते बोलावणं दिसलं असावं.

तो हसला. आणि माझ्याकडे यायला रस्त्यात उतरला.